नऊ पावलांवरची तबकडी

मुलाने आईच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि मागे दोन गाठी आवळल्या.

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का रे माझं?" कपाटाला लागून ठेवलेल्या स्टुलावर ती अवघडून बसली होती.

"पाच वेळा बटण फिरवेन. तबकडी वाजतेय की फोन, एवढंच सांगायचं. तीन बरोबर आली तर कपाट जागेवर राहील."

लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून देणं हा त्याचा पेशा. परीक्षा घेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कपाट म्हणजे रेकॉर्ड प्लेअर आणि दोनशे तबकड्या पोटात घेऊन बसलेलं लाकडी धूड. ते हलल्याशिवाय दाराशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली चाकांची खुर्ची खोलीत वळणार नव्हती. खुर्ची बाबांसाठी होती. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून असत. आताही तिथेच होते, डोळे मिटून.

तबकडी बुवांची होती. बुवा गाऊन कथा सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, देव दाराबाहेर चपला काढतोय. फोनवरही हीच कथा होती, अशाच तबकडीवरून उतरवलेली, खरखरीसकट. मुलाने फोन प्लेअरच्याच स्पीकरला जोडून दोन्ही एकदमच सुरू केल्या; बटण फिरेल तिचाच आवाज येई.

"तबकडी," आई म्हणाली. मग "फोन." मग बराच वेळ थांबून पुन्हा "तबकडी."

पाचांत दोन बरोबर निघाली. आईने टॉवेल खाली गळ्यात ओढला.

"हरले. फरक कळला नाही."

"मी म्हणत होतोच. आणि फोनवर सुई झिजत नाही, बाजू पालटायला उठावं लागत नाही. खाली टेम्पोवाला थांबलाय, त्याला बोलावतो."

"कपाट हलणार नाही."

"आई, हे म्हणजे नाचता येईना..."

"असू दे अंगण वाकडं. कपाट हलणार नाही."

त्याने कारण विचारलं. एकदा रागाने, एकदा समजुतीने. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कारण समोर आरामखुर्चीत बसलं होतं. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे होते.

व्यायाम शिकवायला माणूस यायचा तेव्हाची गोष्ट. बाबा पहिल्यांदा आधाराशिवाय उभे राहिले, आणि त्या भल्या माणसाने टाळ्या वाजवून "शाब्बास, आजोबा" म्हटलं. ज्या हातांनी चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या हातांच्या धन्याला रांगत्या पोरासारखी शाबासकी. बाबा खाली बसले ते तीन आठवडे उठले नाहीत. त्या माणसाला त्यांनी पुन्हा दारात उभं केलं नाही. पुढे एका सकाळी आई कपडे धूत असताना तबकडीची बाजू संपली, सुई टकटक करू लागली. "थांबा, हात साबणाचे आहेत," ती आतून ओरडली. हात पुसून बाहेर येते तर बाबा कपाटाशी उभे, तबकडी दोन तळव्यांत धरून. ती आल्या पावली आत फिरली. तेव्हापासून बाजू संपत आली की तिला हटकून काहीतरी काम निघे. कधी कांदा, कधी सुईदोरा. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. देवाचे आभारसुद्धा मनातच मानले होते.

बटण आता फोनवर होतं. बुवांची कथा नदीकाठी आली होती. पूर चढलेला, आणि पैलतीरी जायला एक म्हातारा काठावर उभा. तो म्हातारा कोण, हे नावाड्याला ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक. नावाडी म्हणतो, "नाव फुटकी आहे, आजोबा. तरी बसता?"

तबकडीची बाजू इथेच संपे. फोनवर पुढच्या श्वासाला उत्तर आलं असतं.

आईने हात लांबवून बटण गर्रकन तबकडीकडे फिरवलं.

खोलीत नुसती टकटक उरली. मुलगा सवयीने सुईकडे वळला, तेवढ्यात तिने त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा हात आपल्या मानेमागच्या गाठीवर नेऊन ठेवला.

"अहो, याने कसली गाठ मारलीय बघा. सुटतच नाही. सोड रे तूच, माझ्या नखांनी काही होत नाही."

टकटक चालूच राहिली. नावाडी विचारून थांबलेला, म्हातारा काठावर.

"दोघांना मिळून एक गाठ सुटेना," बाबा पुटपुटले. "आणि म्हणे डॉक्टर."

आरामखुर्ची करकरली. मानेवरची मुलाची बोटं जागच्या जागी थिजली, ते आईला कळलं. तिने मागे पाहिलं नाही. मान खाली घालून ती मोजत होती. एक पाऊल टेकलेलं, एक ओढलेलं. चार. पाच. सातव्याला जरा वेळ लागला. नवव्याला कपाटाचं झाकण वाजलं.

"सुटली का?" बाबांनी विचारलं. तबकडी त्यांच्या दोन तळव्यांत होती.

टॉवेल केव्हाच सैल होऊन आईच्या खांद्यावर आला होता. मुलाने त्याची टोकं उचलली, पुन्हा दोन गाठी मारल्या आणि नीट आवळल्या.

"नाही हो, बाबा," तो म्हणाला. "अजून वेळ लागेल."