आत्याबाईंचं अंडं

क्रौंचांच्या आवारात बोलायचं नाही, हा त्या सरकारी वन्यजीव संशोधन केंद्राचा पहिला नियम. आणि नशिबाची थट्टा अशी, की केंद्राची प्रमुखबाई जन्माची बडबडी. तिची आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप घातलं तर ही किल्लीशी गप्पा मारेल." पण आवाराचं फाटक आलं की ही बाई मुकाट्याने पांढरा झगा चढवायची, चेहरा झाकणारी टोपी ओढून घ्यायची, उजव्या हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली घालायची आणि मग तोंडातून ब्रदेखील काढायची नाही.

हे सोंग पिल्लांसाठी होतं. क्रौंचाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर ज्याला हलताना, खाऊ घालताना बघतं, त्यालाच आपलं गणगोत समजतं. माणूस दिसला तर माणूस. असं पिल्लू मोठं करून दलदलीत सोडलं तरी ते रस्त्यावर येतं, माणसांच्या पायांत घोटाळतं आणि शेवटी कुत्र्याच्या तोंडी जातं. म्हणून इथे माणसाने स्वतःला पुसून टाकायचं. चेहरा नाही, आवाज नाही, हाताची बोटंसुद्धा दिसू द्यायची नाहीत.

झगा घातला की सगळे एका माळेचे मणी, त्यामुळे घोटाळे व्हायचे. एकदा मुख्यालयातले मोठे साहेब पाहणीला आले. कुंपणाला रेलून उभा असलेला झगा म्हणजे आपले पक्ष्यांचे डॉक्टरच, असं समजून प्रमुखबाईने त्याच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. साहेब जागच्या जागी उडाले, पण नियमाला धरून हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर दंड चोळत म्हणाले, "शिस्त कडक आहे हो तुमची."

आता आत्याबाईंची ओळख करून द्यायला हवी. ही कोणाची आत्या नव्हे, केंद्रातली पांढऱ्या पिसांची, उंच क्रौंच मादी. सरकारी दप्तरात तिला नुसता क्रमांक होता, पण ज्याच्या त्याच्या कामात चोच खुपसायची खोड पाहून मौनीबाबांनी तिचं बारसं केलं. मौनीबाबा म्हणजे सगळ्यात जुने रखवालदार. आवारात तोंड मिटून राहावं लागे त्याचं उट्टं ते बाहेर काढायचे, म्हणून हे नाव. एकदा आत्याबाई म्हटल्यावर एकेरीत कोण बोलणार? आत्याबाई जेवल्या, आत्याबाई रुसल्या, असं सगळं मानाने चालायचं. त्यांचा जोडीदार मान खाली घालून इकडून तिकडे येरझाऱ्या घालायचा, त्याचं नाव कारकून.

या आत्याबाईंना प्रमुखबाईनेच वाढवलं होतं, तेव्हा ती साधी संशोधक होती. उन्हात झग्याच्या आत घामाने निथळत, बाहुलीच्या चोचीने एकेक किडा उचलून तिने त्यांना भरवलं होतं. आता तिच्या वाट्याला बैठका, सह्या आणि मुख्यालयाचे फोन. झग्यात शिरायला मिळालं तर तो दिवस सोन्याचा.

पण गेली काही वर्षं तिचा जीव एका गोष्टीने पोखरला होता. केंद्राने दलदलीत सोडलेले क्रौंच जगत होते, जोड्या जमवत होते, अंडीही घालत होते. आणि मग एक दिवस घरट्यावरून उठून चक्क निघून जात होते, जसं काही ते अंडं शेजाऱ्यांचं आहे. एकाही जोडीने स्वतःचं पिल्लू वाढवलं नव्हतं. केंद्रात तर रीतच अशी होती की मादीने अंडं घातलं की ते उचलून उबवणी यंत्रात ठेवायचं आणि तिच्याखाली रंगवलेलं लाकडी अंडं सरकवायचं. यंत्र कधी चुकत नाही, पक्षी चुकतो. पण मग झग्याने वाढवलेल्या पक्ष्याला आई होता येतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. येत नसेल, तर तिने हयातभर एवढे देखणे पक्षी घडवले ते सगळे शेवटचेच. माणूस भरवतोय तोवर आहेत, माणूस थकला की संपले. हे मनात आलं की या बडबड्या बाईला बोलायला काही सुचायचं नाही.

यंदा केंद्रात एकच अंडं फळलं, तेही आत्याबाईंचं. ते यंत्रात होतं आणि आत्याबाई लाकडी अंड्यावर इमानेइतबारे बसल्या होत्या. यंत्रातलं अंडं आतून चिवचिवायला लागलं त्या सकाळी प्रमुखबाई डॉक्टरांना म्हणाली, "हे मी त्यांच्याखाली नेऊन ठेवते."

डॉक्टर सावध माणूस. ढगही नसताना छत्री घेऊन फिरणारा. "मॅडम, अहो, एकुलतं एक आहे. यंत्रात पिल्लू नक्की निघेल. आणि आत्याबाईंवर सोडलंत तर भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

"यंत्रातून पिल्लू मिळेल डॉक्टर, आई नाही मिळणार."

"आणि काही झालं तर?"

"तर खापर माझ्या डोक्यावर फोडा."

"खापराचं जाऊ द्या हो, अंडं फुटेल त्याचं काय?"

तिने अंडं कापडात गुंडाळून झग्याच्या आत पोटाशी धरलं. चालताना ते आतून चिवचिवत होतं आणि तिला ते बरगड्यांना जाणवत होतं. घरट्यापाशी आत्याबाईंनी आपल्या स्वभावाला जागून तिच्या मनगटावर अशी चोच मारली की डोळ्यांत पाणी आलं. तिने ओठ आवळले, लाकडी अंडं काढलं, खरं ठेवलं आणि मागे सरत सरत लाकडी खोपटात आली. खोपट म्हणजे एक फट असलेली खोली. तिथून घरटं दिसायचं. आत मौनीबाबा आणि डॉक्टर आधीच येऊन बसले होते. डॉक्टरांचं बोट एका बटणावर होतं. घरट्याजवळ छोटा स्पीकर लपवलेला होता. बटण दाबलं की त्यातून रानातल्या कुठल्याशा मादीची, पिल्लाला धीर देणारी हाक निघायची. केंद्रातलं प्रत्येक पिल्लू ती खरखरीत टेप ऐकूनच जन्माला आलं होतं, आत्याबाईसुद्धा.

आत्याबाई अंड्यावर बसल्या. अंडं चिवचिवलं. आत्याबाई दचकून उठल्या.

इतकी वर्षं त्या अंड्यावर बसल्या होत्या, पण अंडं कधी बोललं नव्हतं. लाकूड कशाला बोलेल? त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, दोन पावलं मागे सरल्या आणि चक्क पाठ फिरवून पाण्याकडे चालू लागल्या. कारकून लांब उभा राहून जमिनीकडे बघत होता. अंडं उघड्यावर पडलं, वाऱ्यात. त्यातलं चिवचिवणं वाढलं, मग बारीक होत गेलं.

डॉक्टरांनी प्रमुखबाईकडे पाहिलं. दाबू का? बोलायची सोय नव्हती, पण त्यांचे डोळे ओरडत होते. टेप लावली असती तर पिल्लाला धीर आला असता, पण आत्याबाईंना पुन्हा कळलं असतं की उत्तर द्यायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे. तिने डॉक्टरांचं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा तिला बोलावंसं वाटत नव्हतं, नुसतं ऐकावंसं वाटत होतं.

पाण्याशी आत्याबाई थांबल्या. मान वर केली. अंड्यातून एक बारीकसा, दमलेला आवाज आला. आत्याबाई वळल्या आणि लांब ढांगा टाकत परत आल्या. घरट्यावर उभं राहून त्यांनी मान खाली, खाली, अगदी अंड्याला चोच लागेपर्यंत नेली. आणि त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला. टेपसारखा नव्हता तो. इतका हलका आणि घोगरा होता की कानांपेक्षा छातीलाच आधी कळला. केंद्रात कोणी तो कधी ऐकला नव्हता, शिकवायची गोष्ट तर दूरच.

अंडं गप्प झालं. मग आतून उत्तर आलं.

फटीशी तीन पांढरे झगे दाटीवाटीने उभे होते. मौनीबाबांनी हात जोडले. प्रमुखबाईच्या टोपीच्या आत डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि पुसायला हात आत जात नव्हता. आपण किती लहान आहोत, असं तिला वाटलं. झगे शिवले, यंत्रं आणली, नियम केले, आणि जे खरं हवं होतं ते त्या गळ्यात सगळा वेळ नुसतं वाट बघत बसलं होतं. तिला त्याचं दुःख झालं नाही. उलट आपल्यापेक्षा एवढं मोठं काही तरी आपण इतक्या जवळून बघतोय, याचंच तिला अप्रूप वाटलं.

पिल्लू बाहेर आलं. ओलं, तांबूस आणि स्वतःच्याच पायांना अडखळणारं. दोन दिवसांनी तिघे पुन्हा खोपटात होते. पिल्लू अजून पोटात उरलेल्या बलकाच्या बळावर तग धरून होतं खरं, पण आत्याबाई भरवतात की नाही, यावर त्याचं पुढचं सगळं होतं. आत्याबाईंनी गवतातून एक चतुर पकडला. पिल्लाने चोच उघडली. आत्याबाई त्याला चतुर देणार, तोच थांबल्या. बाजूच्या दगडावर त्यांनी चतुर दोनदा आपटला, टक टक. मग अलगद पिल्लाच्या चोचीत ठेवला.

पुढचा किडा. टक टक. मग पिल्लाला.

खोपटातून बाहेर पडून फाटक ओलांडल्याबरोबर डॉक्टर फुटले. "मॅडम, हे काय होतं? रानातला कुठलाच क्रौंच असं करत नाही! आत्याबाई तर मेलेला, मऊ किडासुद्धा आपटतात!"

मौनीबाबा हसायला लागले. "डॉक्टर, तुम्ही नवीन. आत्याबाई लहान असताना मॅडम भरवायच्या, तेव्हा बाहुलीची चोच ताटलीच्या काठावर अशीच आपटायच्या. दर घासाला. मला वाटायचं, पुस्तकात लिहिलेलं असेल."

तिने कपाळाला हात लावला. चेहरा झाकला, आवाज गिळला, बोटं लपवली, आणि ही खोड झग्याच्या बाहीतून निसटून गेली होती! तिला लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग काही तरी वेगळंच वाटलं, ज्याला तिला नाव देता येईना. हे पिल्लू दलदलीत जाईल. त्याची पिल्लं होतील. आणि जिथे माणसाचं पाऊल पडत नाही अशा गवतात कोणी तरी दगडावर टक टक करेल.

दुपारी ती केंद्राच्या मागच्या आपल्या क्वार्टरमध्ये गेली. आईचे हात आताशा फार कापायचे, म्हणून दुपारचं जेवण लेकच भरवायची. तिने वाटीतून चमचा भरला, काठावर दोनदा वाजवला आणि पुढे केला.

"किती वेळा सांगितलं, टकटक करू नकोस म्हणून," आई करवादली. "डोकं उठतं."

चमचा तसाच हवेत राहिला. "आई, मी लहान असताना तूच करायचीस ना हे?"

"करायचे. सवय. माझी आई करायची तसं. चमच्याखालचा थेंब झडला की अंगावर सांडत नाही म्हणायची. मला मेलीला तेव्हाही राग यायचा, आणि तुझ्या वेळी मीच करायला लागले." आईने लेकीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुला कशी आठवणार? तू व्हायच्या आधीच गेली ती. एक फोटोसुद्धा नाही तिचा. का गं, डोळे का भरले तुझे?"

"काही नाही गं." लेकीने पदरासारखी झग्याची बाही डोळ्यांना लावली. गडबडीत तो काढायचा राहूनच गेला होता. "आज मी आजीला बघितलं."

आईला आताशा कोणी काही बोललं तरी नवल वाटत नसे. "हो का? कशी होती?"

"उंच. आणि पांढरीशुभ्र."

"काहीतरीच तुझं! बुटकी होती ती," आई म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.