डाव्या बगलेतली हवा

"थांबा, ही नाव जाणार नाही," असं म्हणून काकूंनी नाण्याने पुन्हा ठोकून पाहिलं. सगळीकडे खणखणीत आवाज येत होता; नावेच्या डाव्या बगलेत तळहाताएवढ्या जागी मात्र भद्द.

कारखान्यात बनलेल्या, पुरातून माणसं काढायच्या सहा नावांपैकी ही शेवटची. काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिला रेझिनचा चिकट रस पाजायचा, रोलरने हवा काढायची, मग पुढचा थर. बावीस वर्षं काकू हेच करत होत्या. नव्या बायकांना सांगायच्या, "काच एकटी फुटते, रेझिन एकटं तडकतं. दोघांची गट्टी जमली तरच फायबर."

साहेब धावत आले. "काकू, ट्रक दारात उभाय. रंगाखालचं कुणाला दिसतंय?"

"पाण्याला दिसतं."

"ही बगल भरली कुणी? बघतोच त्याच्याकडे."

बायकांचे रोलर थांबले.

"मी," काकू म्हणाल्या. "नातीला ताप होता त्या दिवशी. हात इथे होते, जीव घरी. राहिली हवा."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तर झाकली मूठ राहू द्या ना! चार महिन्यांनी निवृत्ती. मानाने निरोप देऊ."

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवलं. आता ते माझ्याकडे वळलं, तर मुडपून घेऊ?"

त्यांनी मास्क चढवला, कटर उचलला. साहेब "अहो, अहो" करेपर्यंत पातं नावेत शिरलंही. कापलेला तुकडा त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवला. आतली मॅट पांढरीफटक, कोरडी. थर वहीच्या पानांसारखे सुटत होते.

ट्रक पाचच नावा घेऊन गेला.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"उद्याचं उद्या. आज हे भोक मीच बुजवणार."

दुपारभर त्यांनी भोकाच्या कडा उतरत्या तासल्या आणि थरावर थर चढवले. बायकांपैकी दोघी जणी आल्या आणि रेझिन कालवून देऊ लागल्या. साहेबांनी ते केबिनच्या काचेतून पाहिलं, पण बाहेर आले नाहीत.

सुटीच्या वेळी वॉचमन कामगारांच्या छोट्या दारापाशी अवघडून उभा होता. "काकू, बिल्ला ठेवून घ्यायला सांगितलाय."

काकूंनी बिल्ला काढून दिला.

"मोठं फाटक उघडा."

"ते ट्रकसाठी असतंय, काकू."

"माहितीये. उघडा."

त्याने अडसर ओढला. दोन्ही दारं पार भिंतीला टेकेपर्यंत ढकलली. बाहीवरची काचेची कुसळं झटकत काकू मधोमध चालत बाहेर पडल्या.