जाळीत अडकलेला कापूस

मित्रांनो, गाडीत गार वारा सुटला की तुम्ही झरोक्यापुढे तोंड नेता. त्या गारव्यासाठी पुढे कुणीतरी तापत असते, ते तुम्हाला दिसत नाही. तो मी. मी गाडीच्या एसीचा एक जुना कंडेन्सर आहे. बारीक नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची माझी जाळी इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढे बसते. माझ्याकडे तापलेला गॅस येतो आणि त्याची उष्णता मी वाऱ्यावर सोडतो. वाराच मिळाला नाही, तर माझ्या हातून काही होत नाही.

१९९० साली मला धरणगावच्या नेमीचंद शेठजींच्या गाडीत बसवले. त्यांची कापसातली सरकी काढायची गिरणी, म्हणजे जिनिंग होती. त्यांच्या आई झमकूबाई हृदयाच्या आजारी होत्या. दर महिन्याला त्यांना धुळ्याच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे आणि ऊन तर त्यांना मुळीच सोसत नसे. त्यांच्यासाठीच मला आणले होते.

जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू सारखे उडत आणि माझ्या पत्र्यांत शिरत. ड्रायव्हर अभिमन दर आठवड्याला बोनेट उघडी, मऊ ब्रशने तंतू काढी आणि आतल्या बाजूने हलकेच पाणी सोडी. एखादा पत्रा वाकला असेल तर नखाने सरळ करी. या गाडीत मला झोप लागते, असे झमकूबाई त्याला सांगत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

शेठजींना मात्र हे धुणे रिकामपणाचे वाटे. चौथ्या वर्षी ऐन हंगामात अभिमन बोनेटमध्ये वाकलेला दिसला, तेव्हा ते सगळ्या मजुरांसमोर त्याला बोलले. गाडी चालवायला ठेवले आहे, न्हाऊ घालायला नाही, असे म्हणाले. त्याने कापसाचे कारण सांगून पाहिले, पण शेठजींनी त्याला कामावरून काढले. अभिमन शिरपूरला जीप चालवायला गेला आणि शेठजी स्वतः गाडी चालवू लागले.

हळूहळू माझी जाळी बुजली. मागच्या रेडिएटरलाही वारा मिळेना. गारवा कमी झाला, तेव्हा शेठजींनी एका दुकानात वरून आणखी गॅस भरून घेतला. मला तिथे कुणी पाहिलेदेखील नाही. आतला दाब वाढत गेला.

मे महिन्यात भर दुपारी झमकूबाईंना घेऊन आम्ही धुळ्याला निघालो. पारोळा गाव मागे पडले आणि माझी एक नळी फुटली. मग इंजिन तापून वाफ उसळली आणि गाडी थांबली. शेठजी बोनेटकडे धावले. मागच्या सीटवर झमकूबाईंची मान कलंडली होती.

शेजारच्या शेतातून मंजुळाबाई नावाची बाई हंडा घेऊन आली. शेठजींनी इंजिनासाठी पाणी मागितले. ती म्हणाली, "भाऊ, पहिले मायले सावलीमा ल्या. गाडी मंग दखू."

दोघांनी झमकूबाईंना उचलून निंबाखाली नेले. मंजुळाबाई आपला पदर भिजवून त्यांच्या कपाळावर, मानेवर दाबत राहिली. शेवटी एक ट्रक थांबला आणि त्यातून त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात पोचवले.

झमकूबाई वाचल्या, पण अंथरुणाला खिळल्या. त्यांची वाचा गेली.

धुळ्याच्या भटू मिस्त्रींनी मला गाडीतून सोडवून काढले. माझ्या आणि रेडिएटरच्या मधून त्यांनी गोधडीसारखा जाड थर ओढून काढला. हे कुणी धूत नव्हते का, असे त्यांनी विचारले. शेठजी तो कापूस हातात घेऊन उभे राहिले.

"धुणारा होता," ते म्हणाले. "मीच त्याला काढलं."

मग ते शिरपूरला गेले. अभिमनने आधी मोठ्या बाईंची तब्येत विचारली. कामावर परत यायला त्याने नकार दिला, पण बाईंना भेटायला तो आला. जीप दुरुस्तीला भटू मिस्त्रींकडे आला तेव्हा त्यानेच पुढे सांगितले, की बाईंनी त्याचा हात धरून ठेवला होता, सोडतच नव्हत्या, आणि शेठजी दारात उभे होते.

मी आता मिस्त्रींच्या भिंतीला टेकून पडलो आहे. मी फुटलो, याचे मला दुःख नाही. वस्तूचे आयुष्य कधीतरी संपतेच. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज काही पुसत, धूत, तेल घालत असेल आणि ते काम तुम्हाला उगाच वाटत असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन वाका. तो काय काढतो आहे, ते बघा.