नदीपलीकडे परका ठरलेला शिक्का

ज्या रविवारी फेना ब्रिंकहूसचा बाप्तिस्मा झाला, त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी मला विकत आणले. ते साल १९५७. पाळण्यात ती आणि टेबलावर मी, असे आम्ही दोघे एकदमच त्या घरात आलो. मी लोखंडी शिक्का आहे, मित्रांनो, आता बराच जुना. मला शाई लागत नाही. कागद माझ्या जबड्यात सरकवायचा आणि मूठ दाबायची, की कागदावर गोल अक्षरे उठतात. बोट फिरवले तर हाताला लागतात. कडेने 'ब्रिंकहूस ब्रदर्स', मध्ये 'आयोवा' आणि खाली कंपनी स्थापन झाल्याचे साल.

ब्रदर्स म्हणजे हार्म आणि एलर्ट, सख्खे भाऊ. हार्म थोरले, फेनाचे वडील. त्यांचा धंदा घरे हलवण्याचा. घरातले सामान नव्हे, आख्खे घर. लाकडी घराखाली पोलादी तुळया घालायच्या, चारी बाजूंना जॅक लावायचे आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदमच दांडा मारायचा. एक कोपरा बोटभर आधी उचलला गेला तरी भिंतीला तडा जातो. म्हणून शिट्टी ज्याच्या तोंडात, तो मालक. ती कायम हार्मच्याच तोंडात असे.

माझी ती वर्षे चांगली गेली. करार झाला की मला पुढे ओढत. शेतकरी ठशावरून अंगठा फिरवत आणि मान हलवत. फेना लहान असताना जेवणाच्या कागदी रुमालांवर मला दाबून बघायची, आणि तिची आई रागावायची.

१९६९ साली एका घराचे विटांचे धुराडे हलवताना कोसळले. कुणाला लागले नाही. पण हार्मने सगळ्या गड्यांसमोर एलर्टला दोष दिला. एलर्टने हातमोजे काढले, जॅकवर ठेवले आणि मिसिसिपीचा पूल ओलांडून पलीकडे इलिनॉय राज्यात निघून गेला. तिथे त्याने स्वतःची कंपनी नोंदवली. नाव ठेवले 'ब्रिंकहूस ब्रदर्स'.

"एकट्याचे कसले ब्रदर्स?" हार्म म्हणत. "आरशातला धरून दोन होत असतील."

मोठ्या तुळया हार्मकडेच राहिल्या होत्या. त्यामुळे एलर्ट तिकडे गाड्यांच्या शेड आणि कोंबड्यांची खुराडी हलवत असे. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

१९८६च्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या कॉटनवुड गावातून बोलावणे आले. तिथले लाकडी चर्च दर वसंतात पुरात उभे राहायचे. ते टेकडीवर, दफनभूमीशेजारी न्यायचे होते. बर्फ वितळायच्या आत काम झाले नाही, तर ते पाडून नवे सिमेंटचे बांधायचे, असे चर्चच्या पंचांनी ठरवले होते. हार्मचे लग्न त्याच चर्चमध्ये झाले होते, आणि त्यांची आई त्या टेकडीवर पुरलेली होती.

पलीकडची कोठारे आम्ही आजवर नुसत्या शब्दावर हलवली होती. या वेळी मात्र पंचांनी इलिनॉयमध्ये नोंदणी झाल्याचा दाखला मागितला. कचेरी आता फेना सांभाळत होती. कंपनी चालू आहे आणि तिचे सारे व्यवहार सरळ आहेत, असा दाखला तिने आयोवाकडून आणला, अर्ज भरला, मला दाबले आणि सगळे टपालात टाकले.

मित्रांनो, मला वाटले होते की माझा ठसा कुठेही चालतो. अर्ज परत आला. त्या राज्याच्या लेखी आम्ही परकी कंपनी होतो, आणि आमच्या नावाची एक कंपनी तिथे आधीच होती.

"परके?" हार्म गरजले. "आई तिकडे पुरलीय माझी!"

"बाबा, तिकडच्यापुरतं दुसरं नाव लावा, म्हणतायत ते. त्यात काय एवढं?"

"मी माझं नाव बदलून त्याच्या दारावरून जाऊ?"

"मग काकांना जाऊन भेटा."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही तरी कुठे बोलता? चर्च पाडतील बाबा, आणि तुम्ही दोघं दोन काठांवर उभं राहून बघा."

दुसऱ्या दिवशी फेनाने मला पिशवीत टाकले आणि वडिलांना गाडीत बसवले.

एलर्टने दार उघडले, पाहिले आणि काही न बोलता चहाचे पाणी ठेवले. या लोकांचे पूर्वज जर्मनीच्या फ्रीसलंडातून आले. पाहुणा कसाही असो, त्याला चहा द्यायचाच. खडीसाखर, वरून साय, आणि ढवळायचे नाही. पेला रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झाले की पाहुण्याने चमचा पेल्यात उभा करायचा. तोवर यजमानाला थांबता येत नाही.

हार्म पीत राहिले. एलर्ट ओतत राहिला. चमचा बशीतच. किटली दुसऱ्यांदा चढली. मी टेबलावर मध्ये होतो. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते.

शेवटी एलर्ट म्हणाला, "चमचा टाक की रे. पत्ती संपली माझी."

"तू बोलल्याशिवाय नाही टाकणार."

"मी काय बोलू? त्या दिवशी सगळं तूच बोलून घेतलंस."

हार्मने पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "चर्च उचलायचंय. तुळया माझ्या, माणसं माझी. शिट्टी तू मार."

एलर्टने किटली धरलेला हात तसाच ठेवला. "तुझ्या माणसांना?"

"मला पण."

फेना खिडकीबाहेर पाहू लागली.

"नाव हवंय ना तुला?" एलर्ट म्हणाला. "घे. मी नुसता एलर्ट ब्रिंकहूस लावतो. ब्रदर्स म्हणून फोनवर सांगताना लोक विचारायचे, दुसरा कुठाय? दर वेळी काय सांगणार?"

फेनाने हळूच अर्ज पुढे केला. "काका, अजून एक आहे. परक्या कंपनीचे सरकारी कागद घ्यायला या राज्यातला एक माणूस लागतो. पत्त्यासकट."

"माझा टाक. पोस्टमनला हे घर सवयीचं आहे."

तेव्हा हार्मने चमचा पेल्यात उभा केला.

एलर्टच्या कंपनीचे नाव बदलले, मग आमचा अर्ज पुन्हा गेला आणि मंजूर झाला. दाखला आला तो एलर्टच्या पत्त्यावर. मार्चमध्ये चर्च उचलले. मी ते पाहिले नाही, मी कचेरीत होतो. फेनाने सांगितले की शिट्टी झाली तेव्हा चारी कोपरे एकदम उठले, आणि पश्चिमेच्या जॅकवर हार्म स्वतः होते.

पुढे कागदावर नुसती सही चालू लागली. मला कपाटावर ठेवले. कधी मी उघड्या दाराला टेकू झालो, कधी नातवंडांचे खेळणे. माझ्या बिजागरीत गंज शिरला आहे आणि 'आयोवा' अर्धवटच उठते. तुमच्या घरी असे एखादे जुने अवजार असेल, तर त्याला ओलीत ठेवू नका. तेलाचा थेंब घाला आणि अधूनमधून चालवून बघा. फार दिवस हलवले नाही की लोखंड एकमेकांना धरून बसते, आणि मग सोडवायला जोर लागतो.

एलर्ट ब्रिंकहूस १९८७च्या ऑक्टोबरात वारले. त्यांचा अंत्यविधी टेकडीवरच्या चर्चमध्ये झाला. हार्म ब्रिंकहूस १९९४च्या जानेवारीत वारले. आयोवाच्या दफनभूमीत त्यांनी स्वतःसाठी जागा घेऊन ठेवली होती. ती तशीच आहे. त्यांना नदीपलीकडे, एलर्टच्या शेजारी पुरले.