राणबाच्या पायाची बोटं

विजयदुर्गाजवळच्या त्या गावात राणबा तांडेलाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ: फिरंग्यांशी किनाऱ्यावर लढला आणि हरला. हरणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही, पुतळे मात्र जिंकणाऱ्यांचेच. त्यामुळे राणबाचा पुतळा करायचं ठरलं तेव्हा सरपंच विनीतरावांना तो घोड्यावर हवा होता.

"राणबाकडे घोडो खंय होतो? होडी होती," नम्रता म्हणाली. गावचे गणपती तीच घडवायची आणि हट्टात कुणाला हार जायची नाही. तिने मातीचा राणबा केला तो एक गुडघा टेकलेला, तलवार मोडलेली. समोर नमुना म्हणून बसवले सहदेवकाकांना. ते दशावतारात जन्मभर राक्षस होऊन मरत आलेले. पडायला सांगावं, तर मिशी पिळत पडायचे. मागच्या पायाची बोटं मात्र जमिनीत घट्ट रोवलेली; तशीच तिने राणबाला दिली. नम्रता हसून हसून चिखलात बसायची, पण हात थांबत नव्हते. असं काम आयुष्यात एकदाच हाताला लागतं, हे तिला कळत होतं.

आज पंच बघायला आले. पसंत पडला तर पितळेत ओतायचा, नाहीतर मोडून पुन्हा माती.

"हरलेल्याचो पुतळो कोण उभारता गो?" विनीतराव कडाडले. "मोड ह्येका. पडलो तरी नाक वर म्हणान लोक हसतले."

सहदेवकाका उठले आणि पुतळ्याशेजारी तसाच गुडघा टेकून बसले.

"हरलेलो मा? मगे माका आडवो करून दाखव, विनीत."

विनीतरावांनी खांदा धरून रेटलं. काका ढिम्म. दोन पंच मदतीला धावले. काकांनी अशी काही राक्षसी आरोळी ठोकली, की तिघेही दचकून घसरले आणि कालवलेल्या मातीत लोळले. नम्रताला हसू आवरेना.

विनीतराव उठू लागले. एक गुडघा खाली, हात मातीत, मागच्या पायाची बोटं रोवलेली.

"हलां नकात," नम्रता म्हणाली. "तुमी पडतास की उठतास?"

"उठतंय. दिसत नाय तुका?"

तिने नुसतं पुतळ्याच्या पायाकडे बोट दाखवलं. विनीतरावांनी आधी राणबाची बोटं पाहिली, मग वळून स्वतःची. एका पंचाने त्यांना हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"रव. आपणच उठतलंव," ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले. "ओता पितळेत."