पांघरुणाखालचा आवाज

माझ्या धाकट्या भावाला घरीदारी सगळे कर्णा म्हणत. पाळण्यात असताना तो रडायला लागला की तिसऱ्या घरातली माणसं खिडकीत यायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. पुढे तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागला आणि नावाचं सार्थक झालं. त्यांचा चौघांचा रॉक बँड होता. गाणारे आले-गेले, बेसवाले आले-गेले. कर्णा आणि ड्रमवाला मात्र बावीस वर्षं ठाण मांडून होते.

मी वडिलांच्या दुकानात बसते. ते रेडिओ दुरुस्त करायचे, मी गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प आणि पायाने दाबायची पेडल दुरुस्त करते. अजूनही एखादं नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारतं, "मिस्त्री कधी येतील?" हातातली सोल्डरगन खाली न ठेवता मी सांगते, आलेत.

कर्ण्याचं सगळं सामान माझ्या हाताखालून गेलेलं. त्याची लाल गिटार. कोपर घासून घासून तिचा रंग उडाला होता आणि खालचं लाकूड दिसत होतं. त्याचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, दोघांनी उचलावा एवढा जड, चालू केल्यावर मिनिटभर तापल्याशिवाय तोंड न उघडणारा. आणि पाच पेडल. ती मी एका मोडक्या कपाटाच्या दारावर स्क्रूने बसवून दिली होती. एक आवाज फाडायचं, एक प्रतिध्वनी द्यायचं, एकावर पाय वरखाली केला की गिटार माणसासारखी कण्हायची. उरलेल्या दोन पेडलांचं काम काय, ते कर्णा मला समजावून सांगायचा आणि मी दर वेळी विसरल्याचं सोंग घ्यायचे. ते सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

एका सकाळी तो आणि ड्रमवाला अ‍ॅम्प उचलून घेऊन आले. कर्ण्याचं म्हणणं, आवाज मेलाय. जाड पांघरूण डोक्यावरून घेऊन कोणी आतून बोलावं, तसा येतोय. मी मागचं झाकण काढून व्हॉल्व्ह तपासले. ठीक होते, तरी बदलले. आठवड्याने स्वारी परत. मग मी पेडल एकेक करून उघडली, केबल नव्या केल्या, गिटारच्या तारांखालचे पिकअप मीटर लावून तपासले. तारा तर तो रोज नव्या चढवत होता. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं आमचं दोन महिने चाललं. फक्त तेव्हा ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

मला ते एका दुपारी कळलं. त्या दिवशी मी अ‍ॅम्पला सिग्नल जनरेटर लावला होता. हे यंत्र शिट्टीसारखा एकच सूर देतं. तो हळूहळू चढवत न्यायचा आणि अ‍ॅम्प कुठे मार खातो ते बघायचं. मी बरीच वर गेले. शिट्टी इतकी तीक्ष्ण झाली की माझे दात आंबले. समोरच्या चपलांच्या दुकानातली बाई दारात येऊन हातवारे करायला लागली. कर्णा स्पीकरपासून हातभर अंतरावर उभा होता. तो वाकून स्पीकरकडे बघत म्हणाला, "लावलंस का? की अजून बंदच आहे?"

मी बटण फिरवून आवाज बंद केला आणि म्हटलं, "लावतेय. थांब जरा."

तिथेच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. कर्णा सेहेचाळीस वर्षांचा होता. शाळा सोडली ती गिटारपायी, लग्न राहिलं ते गिटारपायी. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. त्याने विचारलं, "सापडलं का काही?" मी सापडलं म्हणाले.

दोन दिवस खपून मी टोनच्या सर्किटमधले शर्टाच्या बटणाएवढे दोन कपॅसिटर बदलले आणि आधीपेक्षा तिखट स्पीकर बसवला. आता वरचे सूर दुपटीने बाहेर पडायला लागले. कर्ण्याने गिटार लावली, एक झणकारा मारला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आला बघ, ताई. परत आला." त्याने माझ्या कपाळाला कपाळ लावलं. लहानपणानंतर असं त्याने कधी केलं नव्हतं.

तीन महिन्यांनी पांघरूण पुन्हा आलं. मी अ‍ॅम्प आणखी तिखट केला. नंतर पुन्हा एकदा. आठ महिन्यांत तीन वेळा. माझं दुकान त्या आवाजावर चालतं, किती आवाज कानाला काय करतो ते मला पाठ आहे. तरीही मी कानाडोळा केला. दर वेळी स्वतःला सांगायचे, एवढा एक हंगाम त्याला मिळू दे.

शेवटी ड्रमवाला एकटाच आला. पाय घासत बराच वेळ दारात उभा राहिला. तो माणूस बोलायला तयारच नसायचा. सगळं बोलणं तो काठ्यांनीच करायचा. त्याने सांगितलं की कर्णा वाजवायला लागला की पुढच्या रांगा उठून मागे जातात. गाणाऱ्याने कानात कापूस घालायला सुरुवात केली होती. काचेवर सुरी ओढल्यासारखं वाजतं, पण सांगायला गेलं तर कर्णा म्हणतो, उलट आजच खरा वाजतोय. "ताई, अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, अ‍ॅम्पमध्ये नाही.

कर्ण्याला मी त्याच्या खोलीवर जाऊन सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. एकदा कान दाखवून घे, एवढंच. तो हसला. म्हणाला, मी गिटारवाला आहे, माझे कान माझ्याइतके कोणाला कळणार? मग मी त्याच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात त्याला विचारलं की जेवलास का. दोनदा विचारलं. वळून बघितलं तर तो तारा पुसत बसला होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला उमगलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि हेडफोन लावले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला तो भराभर बटण दाबत होता. मग त्याचा अंगठा बटणावर नुसताच राहिला. शाळेत उत्तर येत नसलं की तो जसा फळ्याकडे बघायचा, तसा समोरच्या भिंतीकडे बघत होता. बाईंनी कागद दाखवला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सपाट होती आणि तिथून कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. त्या म्हणाल्या, "जे गेलं ते येणार नाही. उरलंय ते टिकवायचं असेल तर वाजवणं बंद करावं लागेल."

मी विचारलं की आठ महिन्यांपूर्वी आलो असतो तर?

"तेव्हाचा कागद असता तर सांगता आलं असतं," त्या म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. शिट्टीची दुपार, कपॅसिटर, स्पीकर, तीनही वेळा काय काय केलं ते. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "मला वाटायचं, जगात एक तरी माणूस मला खरं सांगतं."

त्यानंतर तो दोनदा बँडबरोबर वाजवायला गेला. एकदा कानात बोळे घालून, तर त्याला ड्रमशिवाय काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा बोळे काढून. ते गाणं संपल्यावर गाणाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही तरी म्हणाला. काय म्हणाला ते कर्ण्याला कळलं नाही, पण त्याने गिटार पेटीत ठेवली.

बँडने नवी मुलगी घेतली. बोटं चांगली होती तिची. तिच्याकडे विटेएवढा एक डबा होता, त्यात पन्नास अ‍ॅम्पचे आवाज भरलेले. तिला ना जड खोकं लागत होतं, ना कपाटाचं दार. कर्ण्याने आपलं सामान हातगाडीवर घालून माझ्या दुकानात आणून टाकलं आणि म्हणाला, सुटे भाग कामाला येतील. मी ते मागच्या खोलीत ठेवलं. अजून एकही स्क्रू काढलेला नाही.

तो आता छापखान्यात पुस्तकं बांधतो. कानात यंत्र घालतो. त्याने माणसांचं बोलणं थोडं कळतं, पण गिटार म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. एकदा त्याने घरी गिटारवाचूनच मांडीवर बोटं चालवलेली मी बघितली. मला बघून त्याने हात खिशात घातले. यंत्र काढलं की दोन्ही कानांत शिट्टी वाजते. कशी वाजते, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या त्या जनरेटरसारखी असावी. मी तर ती कधी ऐकली नाही."

दर रविवारी तो दुकानात येऊन बसतो. का येतो, मला सांगता यायचं नाही. बोलणं फारसं होत नाही. गेल्या महिन्यात मी एका मिक्सरमध्ये डोकं घालून त्याला सांगत होते की गुरुवारी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मला दुकान बंद ठेवता येणार नाही, तर तू सकाळी आठ वाजता तिला घेऊन जा. तो हो, हो म्हणाला. असं हो, हो म्हणायला तो हल्ली शिकलाय.

गुरुवारी आई साडेसातपासून पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. नऊ वाजता तिचा फोन आला. कर्ण्याला मी चार वेळा फोन केला, त्याने उचलला नाही. मी शटर ओढलं, आईला घेऊन गेले. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

संध्याकाळी तो घरी आला आणि आईच्या डोळ्यावरची पट्टी बघून दारातच थबकला. त्याचा चेहरा उतरला. "मला सांगितलं होतंस का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "राहूनच गेलं सांगायचं."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग डोळ्यांकडे. आता त्याला तोंडं चांगली वाचता येतात. मी मान वळवली.

आईच्या औषधांची पिशवी उचलून त्याने माझ्यासमोर ठेवली, एक कागद आणि पेन आणलं, आणि कोणते थेंब किती वाजता घालायचे ते लिहून दे म्हणाला.