बंद दाराचा देव

हिलो शहराच्या पलीकडे, उसाच्या ओसाड मळ्यांतून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला ते जपानी शिंतो धर्माचं देवस्थान होतं: लाल लाकडी कमान, दगडी हौद आणि देव्हाऱ्याएवढं मंदिर. त्याचं दार कधीच कुणी उघडत नसे. मळ्यावरच्या एका जपानी मजुराने आत डोकावलं आणि त्याची दृष्टी गेली, अशी कथा राखण करणाऱ्या वृद्ध मोरिताबाई सांगत.

ज्वालामुखीच्या खडकांवर प्रबंध लिहिणाऱ्या परीक्षितने ती कथा गाडीतच आईला ऐकवली होती. आई कालच नागपूरहून आली होती. काचबिंदूमुळे वर्षभरच दिसेल, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं; तेवढ्यात तिला हे बेट डोळे भरून दाखवायचं, एवढाच त्याचा ध्यास होता.

"दर्शन कुठून घ्यायचं रे?" त्याचा दंड धरून आईने विचारलं.

"दर्शन नसतं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं."

"सात समुद्र ओलांडून आले, आणि दारावरूनच परत? भारीच सोवळ्यातला देव!"

तो हसून हात धुवायला हौदाकडे वळला. मागे लाकूड करकरलं. आईची बोटं चाचपडत कडीपाशी पोचली होती. दोन्ही फळ्या उघड्या होत्या. मोरिताबाईंचा झाडू गळून पडला, त्यांनी पाठ फिरवली. परीक्षित धावला आणि दारासमोर पोचताच त्याचे डोळे आपोआप मिटले.

"आई, काय केलंस हे! पाहू नकोस!"

"ओरडू नकोस. मला कुठं दिसतंय?"

"म्हणजे?"

"दिवाळीपासून उजेड तेवढा कळतो."

काल विमानतळावर ती व्हीलचेअरमधून आली होती. सगळ्यांचेच आईवडील तसेच येतात, म्हणून त्याला काहीच वाटलं नव्हतं.

"आणि मी पाठवलेले फोटो? छान आलेत म्हणालीस!"

"शेजारची पद्मजा वर्णन करून सांगायची. तुला कळवलं असतं तर शिक्षण टाकून आला असतास." तिचा आवाज संथ होता. "मला नाही तर नाही, देवाला तरी मी दिसावी, म्हणून उघडलं. आता तू सांग, कसा आहे तो?"

 परीक्षितच्या पापण्या शिवल्यासारख्या झाल्या होत्या. मग त्याने त्या उघडल्या.

"एक पिशवी आहे, आई. जांभळ्या रेशमाची, विटलेली. तोंडाला गाठ मारलीय, देव आतच."

"गाठ सोडू नकोस हो," आई म्हणाली आणि तिने हात जोडले.